खाडाखोड

जिल्हा कोर्टामागं, कडुनिंबाखाली,
ओल्या दुपट्ट्यानं डोकं बांधून
सुलभाबाई बोरघरे टाइप करतात.
मे महिना. वरचा पत्रा तडतडतो.
मी, हेमराज तुकाराम पराते, वय एकेचाळीस,
धंदा साडीचं दुकान, राहणार तांडापेठ,
शपथेवर लिहून देतो की

की.
इथवर बोटं सरसर आली त्यांची.

विनिपेगहून वकिलीणबाईंचा मेल आहे:
शीलरत्नची सुनावणी अकरा जूनला.
पुरावा कमी पडतो.
मराठीतच द्या, भाषांतर इथं करू.
संबंध कधीपासून, कुठं, किती काळ,
कुणी पाहिलं होतं का.

कुणी पाहू नये म्हणून तर सात वर्षं
फुटाळ्यावर एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलो,
मधे संत्र्याच्या साली.
साक्षीला कोणाला बोलवू,
भुट्टेवाल्याला?

कारणं वेगवेगळी मांडा, असंही लिहितात त्या.
एक, राजकीय मत. दोन, लैंगिक कल.

मारबतीच्या मिरवणुकीत
त्यानं रंगवलेला बडग्या निघाला होता,
सुटलेल्या पोटाचा, गळ्यात टेंडरांची माळ,
पाठीवर एक ओळ, जी मी इथं लिहीत नाही.
लोक हसले, पोरांनी शिट्ट्या मारल्या.
रात्री जीप आली.
बडग्यासाठी नेला
आणि फोनमधल्या फोटोसाठी ठेवून घेतला, तीन दिवस.
फोटोत मी होतो, पाठमोरा.
मॅडम, काठी एकच होती.
कोणता वळ कोणत्या रकान्यात टाकू?

अधिकारी विचारतो म्हणे,
तुमच्याकडं तो आता गुन्हा नाही, मग भीती कशाची?
बरोबर आहे. कायदा दिल्लीहून निघून वर्षं झाली.
नागपूरला सगळ्याच गाड्या थांबतात,
उतरलाही असेल.
तांडापेठेपर्यंत ऑटो मिळाला नसेल.

ठाण्यातून त्याच्या बापाला फोन गेला,
ते म्हणाले, असा पोरगा आमच्या घरी नाही.
कागदोपत्री तेव्हापासून तो कुठल्याच घरी नाही.

दरवर्षी अख्खं शहर ओरडतं,
खोकला घेऊन जा गे मारबत,
ताप घेऊन जा गे मारबत.
तो गेला तेव्हा कोणी ओरडलं नाही.
पहाटेचे साडेचार, एक बॅग, रंगाचे डाग पडलेली चप्पल.
मी वर्धा रोडच्या वळणावरूनच स्कूटर फिरवली,
दुकान उघडलं,
बोहणीला एक निळी पैठणी गेली.

"नातं?" सुलभाबाई विचारतात.
"काय टाकू भाऊ, मित्र?"
माझी मान आपोआप हलते.
टक टक टक. मित्र.

मागं रांग. एकाला जन्मतारीख बदलायची आहे,
एका बाईला नवऱ्याचं नाव काढून टाकायचं आहे,
ती पदरानं वारा घेत माझ्या खांद्यावरून वाचते.
आई घरी आहे. दोन वहिन्या आहेत.
शटरवर माझंच नाव आहे, लाल अक्षरात,
त्याच्याच हातचं.
हा कागद समुद्रापलीकडं जाईल तेव्हा जाईल,
आधी झेरॉक्सवाला वाचेल.

"बाई, पेन द्या."

खोडतो. वर लिहितो.
हात घामेजलेला, अक्षर शाळकरी.

त्या चष्मा वर करतात. वाचतात.
पुन्हा वाचतात.
दुपट्टा सोडतात, पिळतात, परत बांधतात.

"खाडाखोड केली का बाजूले सही लागते भाऊ,
नाहीतं नोटरी घेत नाही."
करतो.
"पुरं नाव."
लिहितो.

कागद त्या अजून सोडत नाहीत.
"आन हे पहा," आवाज खाली आणून म्हणतात,
"पहिली वेलांटी पाहिजे इथं. तुम्ही दुसरी देल्ली."

मी परत खोडतो.
परत सही.